पास न होणारा पोपट

सकाळी पावणेसातला बाजूच्या घरातून "स्स... हाऽऽ... स्स" असा आवाज आणि पाठोपाठ नाक ओढणं ऐकू आलं, तर एरवी शेजाऱ्यांनी निदान बेल तरी वाजवावी. आमच्या मजल्यावर कुणी वाजवत नसे. घाडीकाका पोपटाची मिरची तपासतायत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी ऑफिसला निघायच्या वेळी ते लाल डोळ्यांनी दारात उभे असत, हातात अर्धी चावलेली मिरची, आणि मोठ्या अभिमानाने सांगत, "शलाका गो, ही रिजेक्ट. दुसरी घेतंय."

त्यांचं पूर्ण नाव दत्ताराम घाडीगावकर, पण चारकोपमध्ये एवढं लांब नाव घ्यायला सवड कुणाला आहे? मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते. हे स्वतः इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका औषधाच्या कारखान्यात, माल तपासायच्या खात्यात पस्तीस वर्षं होते. गोळ्यांची एकही बॅच त्यांच्या सहीशिवाय गेटबाहेर पडत नसे. "साहेब येऊन बोंबलले तरी खराब माल पास केलंय नाय," ते सांगायचे, आणि लगेच बोट वर करून, "आणि चांगलो माल एक दिवस अडवून ठेवलंय नाय. तो पण गुन्होच." ही दोन वाक्यं मी किमान दोनशे वेळा ऐकली असतील. दर वेळी ते ती पहिल्यांदाच सांगत असल्यासारखे खूश व्हायचे.

रिटायर झाले तरी तपासणं काही रिटायर झालं नाही. आमच्याकडे चहाला आले की आधी बिस्किटाचा पुडा उलटा करून तारीख वाचणार. लग्नात जेवायला गेले तर पनीरचा तुकडा बोटाने दाबून बघणार. सोसायटीची पाण्याची टाकी साफ झाली की हे टॉर्च घेऊन आत डोकावणार, आणि साफ करणारा माणूस बिचारा निकालाची वाट बघत उभा. एकदा माझ्या हिंगाच्या डबीचा त्यांनी नुसता वास घेतला आणि ती न बोलता माझ्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली. मला भयंकर राग आला. मग नवी डबी आणली आणि कळलं की आमच्या घरची आमटी कित्येक महिने बिनहिंगाचीच होती.

तर अशा माणसाच्या हाती पोपट लागला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी जिन्याच्या खिडकीबाहेर केबलच्या वायरीला काहीतरी हिरवं लटकत होतं. नायलॉनच्या मांजात अडकलेला पोपट. काकांनी काठीने वायर ओढली, पोपट टॉवेलात घेतला आणि त्याने तत्काळ त्यांच्या अंगठ्याचा लचका तोडला. "चावता म्हणजे ताकद आसा," काका रक्त झटकत म्हणाले. "पहिली टेस्ट पास!"

पक्ष्यांची डॉक्टर बोरीवलीला सापडली, तरुण मुलगी होती. तिने पंख उलगडून बघितला. हाड शाबूत होतं, कातडी कापली होती आणि उडायची मोठी पिसं तुटली होती. नवी यायला सात-आठ महिने लागतील म्हणाली. "आणि काका, पोपट पाळणं कायद्याने गुन्हा आहे हं. मी वनखात्यात कळवून ठेवते. बरा होईपर्यंत सांभाळा. उडायला लागला की सोडायचा."

"पाळूक कोण बसलो हा?" काका म्हणाले. "रिपेअरला इलो आसा तो."

घरी आल्या आल्या त्यांनी पिंजऱ्यावर पिवळा कागद चिकटवला: 'अंडर टेस्ट'. कारखान्यातली पद्धत. माल तपासणीत असेपर्यंत पिवळा कागद, नापास झाला तर लाल, पास झाला तर हिरवा, आणि हिरवा लागला की त्याच दिवशी माल रवाना. नाव ठेवायचं नाही, असंही त्यांनी जाहीर केलं, कारण जाणाऱ्या मालाला नाव नसतं. ते त्याला 'सॅम्पल' म्हणत. काकू पहिल्या संध्याकाळपासून 'बाबल्या' म्हणत. पोपट दोघांनाही ओ देत नसे. तो फक्त किंचाळायचा, आणि तेही नेमकं मी फोनवर बोलत असताना.

खायला घालणं ही आमच्यासारख्यांच्या घरी पाच मिनिटांची गोष्ट. काकांचा त्यात सकाळचा दीड तास जाई. भिजवलेले चणे, मटार, मक्याचं कोवळं कणीस, पेरू, कोथिंबिरीच्या दोन काड्या, राळ्याचं कणीस मिळालं तर ते. सफरचंदाच्या बिया विषारी असतात हे डॉक्टरकडून कळल्यावर ते बिया काढून मोजून ठेवत आणि एखादी आत राहिल्याचा संशय आला तर ते सफरचंदच बाद. ते काकूंना. काकूंनी त्या वर्षी जितकी सफरचंदं खाल्ली तितकी जन्मात खाल्ली नसतील. प्रत्येक पदार्थ काका आधी स्वतः चाखत. भिजलेला कच्चा चणा डोळे मिटून चघळणारा माणूस मी तेवढाच बघितला.

त्यावर कडी म्हणजे डब्या. औषधाच्या कारखान्यात प्रत्येक बॅचमधला थोडा माल जपून ठेवतात, पुढे तक्रार आली तर तपासायला. काकांनी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सात छोट्या डब्या ठेवल्या, सोमवार ते रविवार, प्रत्येकीत त्या दिवशीच्या पेरूचा तुकडा, तीन चणे आणि मिरचीचा तुकडा.

"तक्रार करतलो कोण?" काकूंनी विचारलं. "पोपट?"

"कोण पण करीत. आपल्याकडे पुरावो व्हयो."

आठवडाभर काकू गप्प बसल्या. मग एका रविवारी पाहुणे आले, घरात मिरची नव्हती, आणि काकूंनी सातही दिवसांचा पुरावा वाटून खोबऱ्याची चटणी केली. पाहुण्यांनी दोनदा मागून घेतली. काका ताटावर बसून चटणी चाखताना थबकले, पुन्हा चाखली आणि म्हणाले, "ह्यात मंगळवारची आसा." त्यांना खरंच कळलं होतं. काकू आजही शपथेवर सांगतात.

मिरचीचं मात्र फारच झालं होतं. डॉक्टर म्हणाली होती की पोपटांना मिरची आवडते. काकांनी त्यावर विचार केला. मुका जीव, तिखट लागलं तर सांगणार कसा? म्हणून ते रोज मिरची अर्धी चावून बघत. तिखट निघाली तर बाद, दुसरी. ती तिखट निघाली तर तिसरी. उन्हाळ्यात बाजारात अशा मिरच्या आल्या की एका सकाळी पाच बाद झाल्या, आणि काका गॅलरीत पंख्याखाली तोंड उघडं टाकून बसले होते. मे महिन्यात तपासणीला गेल्यावर त्यांनी डॉक्टरला मोठ्या काळजीने विचारलं, "कितपत तिखट चलता ह्याका?"

"कितीही, काका. पक्ष्यांना तिखट लागतच नाही."

काकूंनी नंतर मला वर्णन करून सांगितलं. काकांनी डॉक्टरकडे बघितलं. मग पोपटाकडे बघितलं. मग त्यांच्या पोटातून हसू जे निघालं ते दवाखान्यात, रिक्षात आणि आमच्या जिन्यात तीन मजले चढेपर्यंत थांबलं नाही. "चार मईने गो, शलाका! चार मईने मी मिरची खातंय आणि तो माका बघता!" आम्ही दोघं दारातच खाली बसून हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला पुन्हा "स्स... हाऽऽ". मी दार उघडून विचारलं, आता कशाला? काका डोळे पुसत म्हणाले, "तेका लागणा नाय, ता तेचा. आपण काय दिला ता आपणाक कळाक नको?"

ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. ऑफिसात न वाचता सही करायची वेळ आली की नेमकं आठवतं.

जूनमध्ये वजनाचं प्रकरण झालं. रोज सकाळी पोपट काकूंच्या स्वयंपाकाच्या काट्यावर उभा राही आणि वहीत आकडा पडे. एकशे बारा, एकशे तेरा, एकशे बारा. एका सोमवारी एकशे वीस. काकांचा चेहरा पडला. त्यांनी पिंजऱ्याचा तळचा कागद गॅलरीच्या उजेडात नेला, भिंग लावलं, एक पिवळा कण उचलला आणि, देवा शप्पथ, जिभेवर ठेवला.

"बेसन," ते म्हणाले. "मिरी. ओवा. सोडा." डोळे मिटले. "फाफडा नाय. गाठिया."

मजल्यावर गुजराती घर एकच, हंसाबेनचं, आणि त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी काकांच्या गॅलरीला लागून. हंसाबेन दारात आल्या त्या आधीच रडवेल्या होत्या. "अरे भाई, रोज एकच दिला! सकाळ सकाळ आपल्या घरात गाठिया तळायचा आणि पाहुण्यानं नुसता वास घ्यायचा? चांगलं दिसतं का?"

काकांनी त्यांना मीठ पोपटाच्या मूत्रपिंडाचं काय करतं ते वीस मिनिटं समजावलं. हंसाबेननी कान पकडले. मग निघता निघता काका हळूच म्हणाले, "बाय, पण सोडा जास्त पडता हां तुमच्या हातून." दुसऱ्या रविवारी हंसाबेनकडून ताटली आली, कमी सोड्याचे गाठिये, तपासणीसाठी. काकांनी पास केले. त्यानंतर ती ताटली दर रविवारी तपासणीला येऊ लागली.

पावसाळा अर्धा झाला आणि पोपटाच्या डाव्या पंखात नवी पिसं दिसू लागली, कोवळी, चकचकीत. आम्ही सगळे आळीपाळीने बघून आलो. डॉक्टर म्हणाली, छान, आता एकच करायचं. माणसांची सवय मोडायची. बोलायचं नाही, लाड नाहीत, चेहरासुद्धा शक्यतो दाखवायचा नाही, नाहीतर बाहेर गेल्यावर कुणाच्याही खिडकीत जाऊन बसेल आणि पुन्हा पिंजऱ्यात जाईल.

काकांनी माळ्यावरून जुनी ट्रंक काढली. कारखान्यात जिथे इंजेक्शनं भरतात तिथे जाताना घालायचा निळा झगा, डोक्याला जाळीची टोपी, तोंडाला मास्क, हातमोजे आणि मोठा चष्मा. रोज सकाळी हा पोशाख चढवून ते पिंजऱ्यापाशी जात, एक शब्द न बोलता वाटी ठेवत आणि मागे पावलं टाकत परत येत. आम्हाला वाटलं, झालं, मन घट्ट केलं माणसाने. पण आमच्या भिंती पातळ. एका सकाळी मी कपडे वाळत घालत होते आणि पलीकडच्या गॅलरीतून, मास्कच्या आतून, दबलेला आवाज आला: "बाबल्या... पेरू खा रे. गोड आसा."

सॅम्पलला नाव मिळालं होतं. मी कुणाला सांगितलं नाही. कपडे तसेच बादलीत ठेवून आत आले आणि उगाचच मला रडू आलं.

दसऱ्याच्या सुमाराला उडण्याच्या चाचण्या सुरू झाल्या. जागा म्हणजे आमचा पॅसेज, काकांच्या दारापासून जिन्यापर्यंत. सगळी दारं-खिडक्या बंद, जमिनीवर खडूच्या खुणा, काकू एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, हंसाबेन दाराच्या फटीत. पहिल्या दिवशी पोपट तीन खुणा उडून चपलांच्या स्टँडवर आदळला. आठव्या दिवशी तो सरळ या टोकाहून त्या टोकाला गेला, विजेच्या मीटरच्या पेटीवर अलगद उतरला आणि आम्हा सगळ्यांवर किंचाळला. आम्ही टाळ्या वाजवल्या. काका वहीत लिहीत होते.

"पास?" मी विचारलं.

"डावीकडे वळता बरो. उजवीकडे माका डाऊट आसा."

चार दिवसांत उजवीकडचं वळणही झकास झालं. मग उतरताना पायाचा आवाज होतो असं निघालं. मग दमतो लवकर. मग दम तर टिकतोय पण सकाळचा टिकतो, दुपारचा बघायला हवा. डॉक्टरने व्हिडिओ बघून कळवलं की पोपट एकदम तयार आहे, या आठवड्यात सोडा. काकांनी तिला कळवलं की एक टेस्ट बाकी आहे. पिवळा कागद उन्हाने पांढरा पडत चालला होता.

बाकी राहिलेली टेस्ट म्हणजे कावळा. बाहेर कावळे असतात, पोपटाला कावळा कळायला हवा. कावळा झाले स्वतः काका. निळा झगा, मास्क, डोळ्यांवर चष्मा आणि हातात काळी छत्री. ती फटाफट उघडत-मिटत, "काऽव! काऽव!" करत ते पॅसेजमधून धावत आले. त्याच वेळी कुरिअरवाला जिना चढून वर आला. त्याने माझं पार्सल पायरीवर ठेवलं आणि सही न घेता उलट पावली गेला. पोपट मीटरच्या पेटीमागे दडला.

"घाबरलो," काका धापा टाकत म्हणाले. "म्हणजे कॉन्फिडन्स कमी. फेल."

दुसऱ्या दिवशी पुन्हा कावळा. या वेळी पोपटाने छत्रीकडे बघितलं, मान तिरकी केली, आणि जाग्यावर बसून पिसं साफ करत राहिला.

"घाबरलो नाय. म्हणजे अक्कल कमी. फेल."

मी हसत सुटले होते. हंसाबेनही. काकू हसल्या नाहीत. त्या दारात उभ्या होत्या, हात पदराला पुशीत.

"अवो," त्या म्हणाल्या, "घाबरलो तरी फेल, नाय घाबरलो तरी फेल. मगे तेणी पास होवचा कसा?"

काका छत्रीची काडी सरळ करू लागले.

"पस्तीस वर्सा चांगलो माल तुमी एक दिवस अडवलास नाय. सगळ्यांका सांगत फिरतास. हेका मईनो होत इलो. आता खोटी सही करूक लागलास?"

मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण माझ्या पायाशी पोपट उतरला होता. काकांनी मास्क खाली ओढला. त्यांचं तोंड मी इतकं उतरलेलं कधी बघितलं नव्हतं.

"तो गेल्यार सकाळी उठून मी करू काय, ता सांग," ते म्हणाले.

काकूंनी जराही वेळ लावला नाही. "माका चाय करून देवा. ती पण तपासून."

काका खुदकन हसले आणि हसता हसता त्यांनी छत्री मिटली. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यावर हिरवा कागद होता. खाली सही, तीच कारखान्यातली, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट असलेली.

गच्चीवर आम्ही दहा-बाराजण होतो. बिल्डिंगच्या मागच्या उंबरावर सकाळी पोपटांचा थवा फळं खायला येतो, त्याच वेळेला पिंजरा उघडायचा असं ठरलं होतं. डॉक्टरही आली होती. काकांनी झगा, मास्क, सगळं चढवलं, दार उघडलं आणि ते पाच पावलं मागे सरले. बाबल्या दारात आला. बाहेर पडला. चोचीने धरत धरत पिंजऱ्याच्या टपावर चढला आणि तिथेच बसून राहिला. कुणी हललं नाही. काकांनी तेवढं आणखी एक पाऊल मागे घेतलं.

मग उंबरातून एकच कालवा झाला, सगळा थवा किंचाळत उठला, आणि टपावर काहीच नव्हतं. कठड्यापलीकडे तो एकदम खाली गेला. हंसाबेननी किंकाळी फोडली. आणि मग तो वर आला, शेजारच्या बिल्डिंगच्या टाकीवरून, उजवीकडे सुरेख वळून, आणि थव्यात शिरला.

"उडलोऽऽ!" काकांनी मास्क, टोपी, चष्मा, सगळं काढून हवेत फेकलं. "उडलो रे, उडलो! उजवीकडे वळलो, बघितलास?" त्यांनी डॉक्टरला मिठी मारली, हंसाबेनच्या मिस्टरांना मिठी मारली, पाइप बघायला वर आलेल्या प्लंबरला मिठी मारली आणि त्याच्यासोबत गोल गोल नाचले. प्लंबरला काहीच माहीत नव्हतं, पण तोही झकास नाचला. मग काका पाण्याच्या टाकीमागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. काकू त्यांच्यामागे गेल्या. आम्ही पिंजरा घेऊन खाली उतरलो.

त्या वर्षाअखेर मी बोरीवलीला राहायला गेले. मार्चमध्ये सोसायटीचा एक दाखला घ्यायला परत आले, तेव्हा घाडीकाकांची बेल वाजवली. काकूंनी बोटाने वर दाखवलं. "थयच आसत. चाय घेऊन जा, तपासलेली आसा."

काका गच्चीच्या कठड्याला टेकून उभे होते. समोरचा उंबर पोपटांनी नुसता गजबजला होता, तीस-चाळीस तरी असतील, फळं खात, पाडत, एकमेकांना ढकलत, कान किटतील एवढी भांडणं. मी कप त्यांच्या हातात दिला.

"यातला बाबल्या कुठला, काका?"

विचारलं आणि वाटलं, विचारायला नको होतं. ते पुढे वाकून एकेका फांदीवर नजर फिरवत राहिले. चहा गार झाला.

"कळणा नाय गो," ते शेवटी म्हणाले. "रोज बघतंय. पंख बघतंय, शेपटी बघतंय, वळता कसो ता बघतंय. खयचो तो, काय कळणा नाय."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. पण ते माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचा चेहरा नुसता उजळला होता.

"म्हणजे काय झाला, ध्यानात इला मा तुझ्या? एवढ्यांतसून एक वेगळो काढूक येणा नाय! मी तपासतंय, मी! आणि माका फरक गावणा नाय! असो माल, शलाका, पस्तीस वर्सात एकदा पण बघूक नाय मी!"

ते इतके मोठ्याने हसले की अर्धा थवा फांद्यांवरून उडाला आणि एक गिरकी घेऊन परत बसला. जिन्याच्या दारापाशी जाऊन मी मागे वळून बघितलं. काका कठड्यावर पुढे झुकले होते आणि मान वर करून, कुणाला चुकवू नये म्हणून पहिल्या फांदीपासून सुरुवात करत, एकेका पोपटाला विचारत होते, "जेवलंस काय रे?"